जुन्या दफ्तराची साक्ष

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी, परंपरेनुसार रोमन सम्राट ट्राजन याच्या कारकिर्दीत, सीरियातील अंत्युखिया नगरीचा बिशप इग्नेशियस हा देहान्ताची शिक्षा भोगण्याकरिता दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमकडे नेला जात असता, वाटेत आशिया मायनरमधील फिलदेल्फिया या गावी तेथील मंडळीतल्या काही लोकांशी त्याची जी चकमक उडाली, तिची हकीकत त्याने पुढे त्रोवस बंदरातून त्याच मंडळीला धाडलेल्या पत्रात स्वतः नमूद करून ठेविली आहे. त्या लोकांचे म्हणणे असे होते की, जी गोष्ट जुन्या दफ्तरात, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात व संदेष्ट्यांच्या ग्रंथांत, आढळत नाही, ती शुभवर्तमानात सांगितलेली असली तरी तिच्यावर आपण विश्वास ठेवणार नाही. तसे लिहिलेले आहे, असे इग्नेशियसाने उत्तर दिले. त्यावर ते म्हणाले की, वाद आहे तो नेमका त्याच मुद्द्याचा. तेव्हा ग्रंथाधाराच्या रुजुवातीचा तो रस्ता इग्नेशियसाने सोडून दिला आणि आपल्यापुरते दफ्तर म्हणजे ख्रिस्त, त्याचा क्रूस, त्याचे मरण व त्याचे पुनरुत्थान हेच होय, असे सांगून त्याने वाद आटोपला.

या चार-दोन ओळींच्या हकीकतीत एका फार मोठ्या वादाचे बीज साठविलेले आहे. नव्या करारातील लिखाणाची प्रमाणता त्याच्या तोराहशी, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राशी, असलेल्या मेळावरून ठरवावी काय, हा तो वाद. आणि तो केवळ यहुदी विरोधकांनी बाहेरून उपस्थित केला होता, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती या एका पत्राच्या साक्षीनेही टिकत नाही. फिलदेल्फियाचे ते प्रश्नकर्ते इग्नेशियसाच्याच पंथाचे होते, त्याच प्रभूच्या नावाने एकत्र जमत होते, आणि तरीही जुन्या शास्त्राचा दाखला मिळाल्यावाचून नव्या वचनाला मान्यता देण्यास ते राजी नव्हते. हा वाद ख्रिस्ती मंडळीच्या जन्माबरोबर जन्मला, तिच्या घरातच वाढला, आणि पहिली दीडशे वर्षे त्याने तिला स्वस्थ बसू दिले नाही. त्या दीडशे वर्षांचा, आणि त्यांच्या एका भीषण उत्तरकांडाचा, परामर्श घेण्याचा येथे विचार आहे.

आज बायबल म्हटले की जुना व नवा असे दोन्ही करार एकाच बांधणीत असलेला ग्रंथ डोळ्यांपुढे येतो. परंतु पौल जेव्हा मासेदोनियातून शुभवर्तमान सांगत फिरत होता, तेव्हा नवा करार नावाचे पुस्तक अस्तित्वात नव्हते. त्याची स्वतःची पत्रे इ. स. ५० च्या सुमारास नुकती कोठे लिहिली जाऊ लागली होती, आणि चारही शुभवर्तमाने त्यांनंतरची. पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला शास्त्र म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, संदेष्टे व स्तोत्रे हेच काय ते ठाऊक होते. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया नगरीतील यहुद्यांविषयी जो उल्लेख आला आहे तो या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. थेस्सलनीकेत दंगल झाल्यामुळे पौल व सीला रातोरात बिरुयास आले. तेथील सभास्थानातील लोकांनी त्यांचे म्हणणे उत्सुकतेने ऐकून घेतले, परंतु तेवढ्यावर न थांबता, सांगितले जात आहे ते खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्रलेख उलगडून तपासू लागले. ग्रंथकर्ता याबद्दल त्यांना दोष देत नाही. उलट त्यांच्या मनाच्या थोरवीची तो प्रशंसा करतो. तोराहच्या कसोटीवर नवा संदेश घासून पाहणे हे पाप तर नव्हेच, तर ते सज्जनाचे कर्तव्य होय, असा निर्वाळा नव्या कराराच्या पानांतच दिलेला आहे.

ही कसोटी तोराहने स्वतःच घालून दिलेली होती. अनुवाद या पाचव्या ग्रंथात मोशे इस्राएलाला बजावतो की, मी दिलेल्या आज्ञेत काही वाढवू नका व तिच्यातून काही कमी करू नका. आणि त्याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात तो आणखी पुढे जाऊन सांगतो की, एखाद्या संदेष्ट्याने चमत्कार दाखविला, तो चमत्कार प्रत्यक्ष घडूनही आला, तरी तो जर अन्य देवांकडे तुम्हांला नेऊ लागला तर त्याचे ऐकू नका, कारण त्याच्या द्वारे परमेश्वर तुमची परीक्षा पाहत आहे. आपल्याकडे पूर्वमीमांसेने स्मृती व श्रुती यांचा विरोध आला असता स्मृती बाजूला सारावी, असा जो दंडक घातला, त्याच जातीचा हा नियम आहे. परंतु मीमांसकांच्या नियमाहून तो अधिक कठोर आहे, कारण येथे डोळ्यांनी पाहिलेल्या सिद्धीलाही प्रमाणाचा दर्जा नाकारलेला आहे. यहुद्यांच्या तलमुद या ग्रंथातील एका प्रसिद्ध कथेत रब्बी एलिएझर आपले मत खरे ठरावे म्हणून झाडाला जागेवरून हलवितो, ओढ्याला उलटा वाहवितो, शेवटी आकाशवाणीही त्याच्या बाजूने होते. आणि तरीही रब्बी यहोशुआ उभा राहून सांगतो की, तोराह आता स्वर्गात राहिलेली नाही, ती मनुष्यांच्या हाती दिलेली आहे, सबब आकाशवाणीवर निवाडा होणार नाही. ज्या समाजाची श्रद्धा अशा शिस्तीत घडली होती, त्याने येशूच्या चमत्कारांच्या वार्तेने भारून न जाता प्रथम शास्त्राधार मागावा, यात हट्टाचा लवलेशही नव्हता. त्यात केवळ निष्ठा होती.

मौज अशी नव्हे, तर मर्म असे की, ज्या ग्रंथाने ही कसोटी घातली त्याच ग्रंथाने दुसऱ्या पक्षालाही हत्यार पुरविले. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात मोशे म्हणतो की, परमेश्वर माझ्यासारखा एक संदेष्टा उभा करील, त्याचे ऐका. आणि यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर इस्राएलाशी नवा करार करण्याचे वचन देतो. पेत्राने व पौलाने, आणि त्यांच्यामागून आलेल्या सर्वांनी, या वचनांवर भिस्त ठेविली. यहुदी वाचकाने तीच वचने वाचून दाखवून दिले की, नव्या करारात बदलावयाचे आहे ते मनुष्याचे हृदय, नियमशास्त्र नव्हे. कारण तेथे तीच तोराह अंतःकरणावर लिहिली जाईल असे म्हटले आहे. एकाच गुंडाळीतील काही पाने एका हातात व काही दुसऱ्या हातात, असा हा सामना होता, आणि दोन्ही पक्षांना ती गुंडाळी सारखीच पवित्र होती.

या वादाची पहिली रीतसर सुनावणी इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात झाली. यहुदीयातून अंत्युखियास आलेल्या काही जणांनी अशी शिकवण आरंभिली होती की, मोशेच्या परिपाठाप्रमाणे सुंता झाल्यावाचून परराष्ट्रीयांना तारण प्राप्त होणार नाही. पौल व बर्णबा यांनी हा तंटा यरुशलेमातील वडीलजनांपुढे नेला. पौलाने आपल्याबरोबर तीत नावाच्या सुंता न झालेल्या ग्रीक सहकाऱ्यालाही नेले होते, जणू हा चालताबोलता मुद्देमाल पाहून तुम्हीच काय ते ठरवा असे त्याला म्हणावयाचे होते. येशूचा भाऊ याकोब, जो नियमशास्त्राच्या पालनाविषयी पुढे सर्वत्र ख्याती पावला, त्याने निवाडा दिला तो संदेष्टा आमोस याच्या वचनाचा हवाला देऊन. आणि परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे न घालता मूर्तींना वाहिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस व जारकर्म या चारच गोष्टी वर्ज्य कराव्यात असे ठरले. हा ठराव लिहून घेऊन यहूदा बर्सबा व सीला यांच्या हाती तो खलिता अंत्युखियास रवाना करण्यात आला.

या निवाड्याला आपण सामान्यतः नियमशास्त्रातून मिळालेली सूट म्हणतो. परंतु ही चार बंधने, लेवीय ग्रंथाच्या सतराव्या व अठराव्या अध्यायांत इस्राएलामध्ये राहणाऱ्या उपऱ्या मनुष्याला जे नियम लावले आहेत त्यांच्याशी इतकी जुळतात की, सवलत द्यावयाची तीसुद्धा तोराहने उपऱ्याला जेवढी दिली आहे तेवढीच द्यावी, अशी त्या सभेची दृष्टी असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. म्हणजे नियमशास्त्राची सक्ती दूर करतानाही नियमशास्त्राचीच परवानगी घेतलेली होती. कागदावर झालेला हा समेट पंक्तीच्या प्रसंगी मात्र तुटला. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांच्या पंक्तीला बसत असे. याकोबाकडील माणसे येताच तो मागे सरला, त्याच्या पाठोपाठ बर्णबाही सरला, आणि पौलाने सर्वांदेखत पेत्राला तोंडावर दोष दिला. पौलाने ही हकीकत गलतीकरांस पाठविलेल्या पत्रात ज्या संतप्त लेखणीने लिहिली आहे ती वाचताना, शास्त्रप्रामाण्याचा प्रश्न अखेर कोणी कोणाबरोबर जेवावे या प्रश्नाच्या रूपाने माणसाच्या दारी येतो, हे आपल्या समाजातील वाचकाला मुद्दाम समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

पुढील घटनांनी या घरगुती वादाचे स्वरूप पालटून टाकिले. इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसाच्या सैन्याने यरुशलेमाचे मंदिर जाळले, इ. स. १३२ पासून १३५ पर्यंत बार कोखबाच्या नेतृत्वाखाली झालेले बंड सम्राट हाद्रियानाने चिरडले, नगरीचे नाव बदलून एलिया कॅपिटोलिना ठेविले आणि यहुद्यांना तिच्यात पाऊल टाकण्याची मनाई केली. चर्चचा आद्य इतिहासकार युसेबियस लिहितो की, तोवर यरुशलेमच्या मंडळीला लागोपाठ पंधरा बिशप लाभले व ते सर्व सुंता झालेल्यांपैकी होते. हाद्रियानाच्या हुकुमानंतर तेथे प्रथमच मार्कस नावाचा परराष्ट्रीय बिशप आला. जे लोक सभास्थानातील गुंडाळी मूळ हिब्रूत वाचून तिच्याशी शुभवर्तमान पडताळून पाहू शकत होते, त्यांचा मंडळीतील आवाज अशा रीतीने राजाज्ञेनेच क्षीण झाला. तो सर्वस्वी नाहीसा मात्र झाला नाही. एबिओनी म्हणून ओळखला जाणारा एक पंथ ख्रिस्तावर श्रद्धा ठेवूनही सुंता पाळी, यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करी, शुभवर्तमानांपैकी केवळ मत्तयाचे मानी, आणि नियमशास्त्राचा त्याग करणारा म्हणून पौलाला सर्वस्वी झिडकारी, असे इ. स. १८० च्या सुमारास लियाँचा बिशप इरेनियस सांगतो. तोराहची कसोटी अखेरपर्यंत लावली तर नव्या करारातील किती पाने शिल्लक राहतील, याचे उत्तर या लोकांनी आचरणाने देऊन टाकिले होते.

बाहेरच्या पक्षाची बाजू या काळात ज्या ग्रंथात सर्वांत सविस्तर आली आहे तो जस्टिनाचा ट्रायफोशी झालेला संवाद होय. जस्टिन हा पालेस्ताइनमधील फ्लाविया नेआपोलिस, म्हणजे आजचे नाब्लुस, येथे जन्मलेला, अनेक दर्शने धुंडाळून ख्रिस्ती झालेला व तत्त्ववेत्त्याचा झगा अंगावर वागविणारा गृहस्थ. ट्रायफो हा बार कोखबाच्या युद्धातून निसटून ग्रीस देशी आलेला यहुदी. सकाळच्या फेरफटक्यात तो झगा पाहून ट्रायफो आपण होऊन जस्टिनाला वंदन करतो, आणि तेथून दोन दिवस चालणारा वाद सुरू होतो. हा ग्रंथ जस्टिनाने लिहिलेला असल्यामुळे त्यात पारडे त्याच्याकडे झुकलेले आहे, हे उघड आहे. तरीही त्याने ट्रायफोच्या तोंडी घातलेली कैफियत दुबळी नाही. तुमच्या शुभवर्तमानातील आज्ञा मी वाचल्या आहेत, त्या इतक्या थोर आहेत की त्या कोणाच्याने पाळवतील असे मला वाटत नाही, असे प्रथम मोकळ्या मनाने सांगून ट्रायफो विचारतो की, तुम्ही देवाचे भक्त म्हणविता आणि शब्बाथ पाळीत नाही, सण पाळीत नाही, सुंता करीत नाही, मग त्याच देवाकडून कल्याणाची अपेक्षा कोणत्या आधारावर करता? आणि ज्याला खांबावर टांगले तो शापित, असे नियमशास्त्र सांगत असता क्रूसावर मेलेल्या मनुष्याला अभिषिक्त कसे मानता?

जस्टिनाचे उत्तर प्रदीर्घ आहे. विधींचा अर्थ आध्यात्मिक आहे, आब्राहाम सुंतेपूर्वीच नीतिमान ठरला, संदेष्ट्यांनी हे सारे आधीच सांगितले होते, असा त्याचा एकंदर रोख आहे. त्यात एक स्थळ मात्र असे आहे की जेथे वादाचा आवेश ओसरून मनुष्याचे मन दिसते. ख्रिस्ताला मानून जो नियमशास्त्रही पाळील त्याचे काय, असे ट्रायफो विचारतो. आणि जस्टिन सांगतो की, दुसऱ्यांवर सक्ती न करील तर त्याचेही तारण होईल असे मला वाटते, परंतु अशा माणसाशी बोलण्याचालण्यासही तयार नसलेले लोक आमच्यात आहेत व त्यांच्याशी मी सहमत नाही. ही औदार्याची वाट चर्चने पुढे बंद करून टाकिली. त्याच ग्रंथात जस्टिन असेही म्हणतो की, हे शास्त्र आता तुमचे नसून आमचे झाले आहे, कारण तुम्ही वाचता परंतु समजत नाही. संवादाच्या शेवटी ट्रायफो ख्रिस्ती होत नाही. जलप्रवासास निघालेल्या जस्टिनाला तो शुभेच्छा देतो, आपली मित्र म्हणून आठवण ठेवावी अशी विनंती करतो, आणि दोघे परस्परांसाठी प्रार्थना करून निरोप घेतात.

परंतु या प्रश्नाला सर्वांत निर्णायक वळण दिले ते यहुद्याने नव्हे, तर तोराहच्या कट्टर विरोधकाने. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील सिनोपी बंदराचा मार्सियन हा गलबतांचा धनी इ. स. १४० च्या सुमारास रोमला आला आणि तेथील मंडळीला त्याने २,००,००० सेस्टर्स एवढी मोठी देणगी दिली. पौलाची पत्रे त्याने इतक्या उत्कटतेने वाचली होती की, कृपा आणि नियम यांतील विरोध त्याला दोन देवांतील विरोध वाटू लागला. सृष्टी निर्माण करणारा, नियम देणारा, शिक्षा करणारा यहुद्यांचा देव एक, आणि येशूने प्रथमच प्रकट केलेला, निव्वळ दयामय असा परका देव दुसरा, असे त्याने प्रतिपादन केले व दोहोंची वचने समोरासमोर मांडून दाखविणारा विरोधवचनांचा एक ग्रंथ रचिला. एबिओनी म्हणत होते की, नवे शास्त्र तोराहशी जुळत नसेल तर ते टाकावे. मार्सियन म्हणाला की, ते जुळत नाही आणि म्हणूनच तोराह टाकावी. विरोधाची कबुली दोघांचीही एकच होती. इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले आणि त्याची सर्व रक्कम त्याला परत केली.

मार्सियनाचा मार्ग कोठे नेतो हे त्याने आपल्या हाताने तयार केलेल्या शास्त्रसंग्रहावरून कळते. त्यात एकच शुभवर्तमान होते, ते लूकाच्या शुभवर्तमानाचे संक्षिप्त रूप. आणि पौलाची दहा पत्रे. जन्मकथा, येशूची सुंता व मंदिरातील अर्पण ही सारी प्रकरणे त्यात नव्हती. तिबिर्य कैसराच्या पंधराव्या वर्षी ख्रिस्त एकदम कफर्णहूमास उतरतो असा त्याचा आरंभ होता. लूकाच्या सोळाव्या अध्यायात, नियमशास्त्राची एक रेघ नाहीशी होण्यापेक्षा आकाश व पृथ्वी नाहीशी होणे सोपे, असे जे वाक्य आहे, ते मार्सियनाच्या प्रतीत प्रभूच्या स्वतःच्या वचनांविषयी होते, नियमशास्त्राविषयी नव्हते. आणि पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर, संदेष्ट्यांनी सांगितलेल्यावर विश्वास न ठेवल्याबद्दल येशू शिष्यांना दोष देतो, तेथे मार्सियनाच्या प्रतीत तो दोष येशूने स्वतः सांगितलेल्यावर विश्वास न ठेवल्याबद्दलचा झाला होता. ही माहिती त्याच्या विरोधकांच्या खंडनग्रंथांतून, विशेषतः कार्थेजच्या टर्टुलियनाच्या लेखनातून, आपल्याला मिळते. तोराहचा संबंध तोडावयाचा म्हटले की शुभवर्तमान जसेच्या तसे ठेवता येत नाही, त्याच्या जवळजवळ प्रत्येक पानावर कात्री चालवावी लागते, हे या दोन स्थळांवरून जितके स्पष्ट होते तितके शंभर पानांच्या तात्त्विक चर्चेनेही व्हावयाचे नाही.

या पंथाचा प्रसार अल्प नव्हता. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन लिहितो की, मार्सियन अजून शिकवीत आहे व सर्व जातींत त्याचे अनुयायी झाले आहेत. दमास्कसच्या दक्षिणेकडील एका खेड्यात मार्सियनपंथीयांच्या प्रार्थनामंदिराच्या दारावरील, इ. स. ३१८-३१९ चा कालनिर्देश असलेला शिलालेख सापडला आहे. आणि पाचव्या शतकातही सीरियातील बिशप थिओडोरेट आपण त्या पंथाची आठ गावे परत आणल्याचे सांगतो. मध्यममार्ग काढणारेही निघाले. व्हॅलेंटिनस नावाच्या गुरूच्या संप्रदायातील टॉलेमी याने फ्लोरा नावाच्या स्त्रीला लिहिलेल्या पत्रात नियमशास्त्राची मोठ्या नेटकेपणाने विभागणी केली: त्यातील काही भाग देवाचा, काही मोशेचा स्वतःचा, काही वडीलधाऱ्यांच्या परंपरेचा, आणि देवाच्या भागातही दहा आज्ञा पूर्णत्वास नेलेल्या, जशास तसे हा नियम रद्द झालेला, व शब्बाथ-सुंता इत्यादी विधी केवळ प्रतीकरूपाने उरलेले. कोणता भाग कोणाचा, हे ठरविण्याचा गज मात्र टॉलेमीच्या हाती येशूची वचने हाच होता. म्हणजे येथे कसोटी उलटी झाली होती, आणि तोराहलाच शुभवर्तमानाच्या कसोटीवर उभे केले होते.

या सर्वांना मुख्य प्रवाहातील चर्चने जे उत्तर दिले त्यातील विलक्षणता नीट ध्यानात घेतली पाहिजे. इरेनियसाने पाखंडांचे खंडन करणारे पाच ग्रंथ लिहून प्रतिपादिले की, देव एकच, त्याने मनुष्यजातीचे शिक्षण टप्प्याटप्प्याने केले, आणि करार अनेक असले तरी ते करणारा निराळा नाही. टर्टुलियनाने मार्सियनाविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ तीनदा लिहिला. पहिला मसुदा घाईचा म्हणून त्याने टाकून दिला, दुसरा एका बांधवाने लबाडीने नेऊन चुकांसह प्रसृत केला, म्हणून तिसऱ्यांदा लिहिण्याचा प्रसंग आला, असे तो स्वतःच आरंभी सांगतो. त्याची युक्ती अशी की, मार्सियनाने काटछाट केलेले शुभवर्तमानच पुराव्यादाखल घ्यावयाचे, आणि त्यातील प्रत्येक प्रसंग मोशेशी व संदेष्ट्यांशी कसा मिळता आहे हे दाखवून त्याच्याच कागदावरून त्याच्याविरुद्ध निवाडा मिळवावयाचा. ट्रायफोपुढे जे चर्च आरोपीच्या जागी उभे राहून तोराहच्या अक्षरशः पालनातून मुभा मागत होते, तेच चर्च मार्सियनापुढे फिर्यादी होऊन तोराहशी असलेला मेळ हाच आपल्या शास्त्राच्या सत्यतेचा पुरावा म्हणून सादर करीत होते. न्यायासने दोन, भूमिका दोन. परंतु साक्षीला बोलाविलेले दफ्तर दोन्ही ठिकाणी तेच.

हे दफ्तर चर्चने जतन केले, ही त्याची थोरवी. आणि ज्या रीतीने जतन केले, तो त्याचा अपराध. सार्दिसचा बिशप मेलिटो याच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. इ. स. १७० च्या सुमारास ओनेसिमस नावाच्या बांधवाने जुन्या ग्रंथांची संख्या व क्रम विचारला, तेव्हा मेलिटो पूर्वेकडे, जेथे हे सारे घडले व सांगितले गेले त्या भूमीत, स्वतः गेला आणि खात्री करून घेऊन त्याने यादी पाठविली. जुन्या कराराच्या ग्रंथांची ख्रिस्ती माणसाने केलेली ही आज उपलब्ध असलेली पहिली यादी होय. त्याच मेलिटोने वल्हांडण सणावरील आपल्या प्रवचनात इस्राएलावर देवाच्या वधाचा आरोप ठेविला. ज्यांच्या भूमीत जाऊन त्याने ग्रंथांची नावे शुद्ध करून घेतली, त्यांच्यावरच त्याने हा कलंक लाविला, आणि पुढील अनेक शतके युरोपातील यहुद्यांना त्याची किंमत आपल्या प्राणांनी मोजावी लागली.

मार्सियनाचे मत दुसऱ्या शतकात हरले, तरी त्याचा मोह मेला नव्हता. जर्मन पंडित आडोल्फ फोन हार्नाक याने १९२१ मध्ये मार्सियनावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला व त्यात असे मत मांडिले की, दुसऱ्या शतकात जुना करार टाकणे ही चूक ठरली असती, सोळाव्या शतकात तो ठेवणे अपरिहार्य होते, परंतु एकोणिसाव्या शतकानंतरही प्रॉटेस्टंटांनी त्याला प्रमाणग्रंथ म्हणून बाळगावे हे दौर्बल्याचे लक्षण आहे. हार्नाक १९३० मध्ये वारला. त्याच्या पश्चात जे घडले त्याचा दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या क्रीडाप्रासादात राइनहोल्ड क्राउसे याने सुमारे २०,००० लोकांपुढे जुना करार व पौलाची यहुदी वळणाची शिकवण झुगारून देण्याची मागणी केली. १९३९ मध्ये जर्मन चर्चजीवनातील यहुदी प्रभावाचे निर्मूलन करण्याकरिता आयझेनाख येथे एक संस्थाच स्थापन झाली. आणि १९४० मध्ये तिने यहुदी संदर्भ गाळलेला नवा करार छापून काढला. ही कात्री मार्सियनाचीच होती. फरक एवढाच की, मार्सियनाने ग्रंथातील ओळी कापल्या होत्या, आणि या वेळी ग्रंथाबरोबर ग्रंथ वाचणारी माणसेही कापली जात होती. म्युनिकचे कार्डिनल फाउलहाबर यांनी १९३३ च्या नाताळपूर्व प्रवचनांत जुन्या कराराची बाजू उघडपणे घेतली, परंतु तीही प्राचीन इस्राएलाचीच. समकालीन यहुद्यांची कैफियत त्यांत नव्हती. यहुद्यांशी देवाने केलेला करार रद्द झाला नाही, परराष्ट्रीय हे जंगली जैतुनाची कलम केलेली फांदी असून मूळ त्यांना पोसते, या पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या बोधाची आठवण रोमन कॅथलिक चर्चला अधिकृतपणे झाली ती २८ ऑक्टोबर १९६५ च्या धर्मपरिषदेतील जाहीरनाम्यात.

या वादाचा एक अध्याय आपल्या कोकणपट्टीतही घडलेला आहे, आणि तो त्यातल्या त्यात सौम्य आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील गावांतून तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे बेने इस्राएल लोक सुंता, शब्बाथ व भक्ष्याभक्ष्याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आले होते, परंतु हिब्रू ग्रंथांचा त्यांचा परिचय फार थोडा उरला होता. १८२९ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्याकरिता १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनच्या शाळांतून त्यांची मुले शिकली व मराठी भाषांतरांतून जुना करार त्यांच्या घरोघर वाचला जाऊ लागला. मिशनऱ्यांची अपेक्षा अशी की, जुना करार वाचणारा नव्या कराराकडे आपोआप वळेल. प्रत्यक्षात ख्रिस्ती झालेले फारच थोडे निघाले. बाकीच्यांनी मोशेचे ग्रंथ कृतज्ञतेने स्वीकारले आणि त्यांच्याच आधारावर आपले यहुदीपण अधिक दृढ केले. बिरुयाच्या लोकांप्रमाणे त्यांनीही शास्त्र तपासून पाहिले होते, आणि त्यांचा कौल निराळा पडला. विल्सन यांच्या विद्येचे श्रेय त्यामुळे रतिभरही कमी होत नाही.

मग प्रश्नाचे उत्तर काय? तोराहला अंतिम प्रमाण मानणाऱ्या यहुद्याला ही कसोटी लावण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि ती लावून त्याने नव्या कराराला नकार दिला तर तो नकार त्याच्या ग्रंथाने सांगितलेल्या धर्माचेच पालन होय. त्याला आंधळेपणा किंवा काठिण्य म्हणणाऱ्यांनी अनुवादाचा तेरावा अध्याय वाचलेला नाही, असेच म्हटले पाहिजे. ख्रिस्ती मनुष्याची श्रद्धा प्रथम एका जीवनावर, एका मरणावर व एका पुनरुत्थानाच्या साक्षीवर उभी आहे, म्हणून तोराह ही त्याची एकमेव कसोटी होऊ शकत नाही, हे इग्नेशियसाचे म्हणणे त्याच्या दृष्टीने यथार्थ आहे. परंतु ही कसोटी त्याला टाकूनही देता येत नाही. कारण त्याच्या प्रभूची वचने त्याच ग्रंथांच्या भाषेत बोललेली आहेत, आणि तो संबंध तोडावयास निघालेल्या प्रत्येकाला स्वतःचेच शुभवर्तमान फाडावे लागले, हे सिनोपीच्या धनिकापासून आयझेनाखच्या पंडितांपर्यंतच्या इतिहासाने सिद्ध केले आहे. माझ्या मते यातून एक कर्तव्य निर्विवादपणे निष्पन्न होते. जो धर्म आपल्या सत्यतेसाठी दुसऱ्या समाजाच्या सनदेचा दाखला देतो, त्याने त्या सनदेच्या मूळ धारकाला, ती तो स्वतः कशी वाचतो हे विचारले पाहिजे, त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतले पाहिजे, आणि ते उत्तर आपल्याविरुद्ध गेले तरी त्याच्या जीविताला, मानाला व उपासनेला केसभरही धक्का लागू देता कामा नये. मेळ आहे की विरोध, याचा निवाडा दोन्ही समाज आपापल्या विवेकाने करीत राहतील. हे कर्तव्य मात्र त्या निवाड्यावर अवलंबून नाही, ते आजच देय आहे.